डावीकडचा शेवटचा पट्टा

आमच्या घरातला शेवटचा साधा दिवस मंगळवार होता, आणि त्या सकाळी मी बाबांवर भयंकर चिडले होते. कपडे धुण्याचं मशीन मधेच खडखडून बंद पडलं होतं. पाणी उपसून खालची जाळी काढली, तर आत सात खडे.

बाबा विमानतळावर काँक्रीटच्या कामाचे मुकादम होते. विमानं उभी असतात तिथपासून धावपट्टीपर्यंत ज्या रस्त्याने जातात, तो रस्ता त्यांची टोळी दुरुस्त करायची. जुना भाग फोडायचा, नवा ओतायचा. रस्ता पुन्हा खुला करण्याआधी झाडणारी गाडी फिरे, आणि तिच्यामागून सगळे जण हातभर अंतर ठेवून ओळीत, मान खाली घालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत. ज्याचा त्याचा पट्टा ठरलेला. बाबांचा डावीकडचा शेवटचा. दिसेल तो खडा, खिळा, तारेचा तुकडा उचलून पिशवीत टाकायचा. बाबा खिशात टाकत. "पाखरू एक वेळ उडून तरी जाईल," ते म्हणत, "खडा इंजिनाची वाट बघत बसतो."

चालताना फोन घ्यायचा नाही, हा नियम त्यांनीच घातलेला. पण आईच्या आजारपणात लागलेली सवय आई गेल्यावरही सुटली नव्हती. माझा फोन ते पहिल्या रिंगला उचलत.

"बाबा, मशीन गेलं."

"कुठं गेलं?"

"विनोद नकोत. तुमचे सात खडे निघालेत आतून. खिसे रिकामे करून पँट टाकायला काय होतं तुम्हाला?"

"सातच? मग दोन राहिलेत अजून. नीट बघ."

मला हसू येत होतं, तरी मी सोडलं नाही. ओले कपडे, फुकट जाणारी रजा, दुरुस्तीवाल्याचे नखरे, सगळं ऐकवलं. ते "हो गं, हो गं" करत हसत राहिले. मग एकदम म्हणाले, "अगं, ओळ पुढे गेली की! मी मागेच राहिलो. ठेव आता."

दुपारी त्या रस्त्याने निघालेल्या पहिल्याच विमानाच्या इंजिनाने अक्रोडाएवढा काँक्रीटचा तुकडा आत ओढला. पंख्याची पाती वाकली, धडाका झाला, विमान जागीच थांबलं. प्रवासी शिडीवरून सुखरूप उतरले, कुणाला खरचटलंही नाही. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण डाव्या कडेला, जुनं-नवं काँक्रीट जुळतं त्या जोडाजवळून तुकडा उडाला, असं बाबांनी घरी येऊन सांगितलं, आणि मी हातातला कप खाली ठेवला.

"बाबा, सकाळी मी फोन..."

"मशीन चालू झालं का?"

"झालं."

"मग झालं तर. चहा टाक."

पुढेही मी दोनदा विषय काढायला गेले. एकदा ते बूट पुसत होते, एकदा पेपर वाचत होते. दोन्ही वेळा त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही ते पुरं करायला अडून बसले नाही. चौकशीत त्यांनी एवढंच सांगितलं की नजर चुकली, वय झालं. सव्वीस वर्षांच्या कामानंतर त्यांना गोदामात बसवलं. "सिमेंटच्या गोण्यांवर नजर ठेवायची," ते मला म्हणाले. "गोण्या कुठं पळतात? आरामाचं काम." पाच महिन्यांनी त्याच गोदामाच्या पायरीवर, सकाळचा डबा उघडायच्या आधी, ते बसल्या जागी गेले.

तीन आठवड्यांनी एका दुपारी रोलरकाका आले. टोळीत रोलर चालवायचे म्हणून हे नाव. ओळीत बाबांच्या शेजारचा पट्टा त्यांचा. बाबांचं हेल्मेट आणि डबा त्यांनी टेबलावर ठेवला आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

"नीट बसा ना, काका."

"बसलोय की. पोरी, तू माझ्यावर चिडणार आहेस. आधी ऐकून घे."

"चिडले तरी चहा मिळेल."

ते हसले नाहीत. "तो तुकडा माझ्या पट्ट्यातला होता."

"असं कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? कडेचा जोड म्हणजे तुझ्या बाबाच्या अन् माझ्या पट्ट्याची हद्द. त्याच्या नजरेतून खडा सुटणं शक्य आहे का? जेवताना भातातला खडा दुसऱ्याच्या ताटात दिसायचा त्याला. माझाच सुटला. त्यानं स्वतःवर घेतलं, निवृत्तीला माझी दोन वर्षं राहिलीत म्हणून."

"काका..."

"तीनदा डोळे तपासले. डॉक्टर म्हणतो, ठणठणीत. बायको म्हणते, डोक्याचा डॉक्टर बघ. आता ओळीत उभा राहिलो की पाय उचलत नाही माझा. एकाच जागी चार-चारदा बघतो. पोरं म्हणतात, काका, अंडी घातली का तिथं?" त्यांनी तळहाताने तोंड पुसलं. "उद्या साहेबाला लिहून देतोय. माझी चूक होती, त्याची नव्हती. त्याचं नाव तरी धुऊन निघेल. आणि मी काम सोडतो."

किती सोपं होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं. बाबांचं नाव स्वच्छ झालं असतं, माझा फोन कुणाला कधीच कळला नसता, आणि समोरचा हा माणूस उरलेलं आयुष्य चष्म्याच्या दुकानांत घालवणार होता. बाबांनी मला वाचवलं होतं. काकांवर हे ओझं जाईल, हे त्यांच्या मनातही आलं नसणार. आलं असतं तर त्यांनी मला बोलू दिलं असतं.

"लिहू नका," मी म्हणाले.

"का? तुझा बाबा..."

"काका, तुमची नजर चुकली नाही. बाबांचीही नाही. त्यांच्या पट्ट्यावर तिथं कुणी चाललंच नाही. तुम्ही सगळे पुढे गेलात तेव्हा ते मागे उभे होते, फोनवर, आणि मग ओळ गाठायला तसेच धावले असणार. फोन मी केला होता. मशीन बिघडलं म्हणून मी त्यांना रागावत होते. आणि ते हसत होते, काका. मी ठेवला नाही म्हणून ते थांबले."