दारावर टांगलेला ड्रम

मित्रांनो, एका ट्रकच्या ब्रेक-ड्रमाच्या जीवनात भीतीने कसे घर केले, व ते अद्याप का सुटले नाही, याचा वृत्तान्त मी आपणांपुढे सादर करीत आहे. तो शांत चित्ताने ऐकावा.

मी एक जुना ड्रम आहे. मागच्या डाव्या चाकात माझे वास्तव्य होते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवून मला ओतले, लेथवर गुळगुळीत केले. ब्रेक दाबला की लायनरच्या पट्ट्या माझ्या पोटाला आतून घासत आणि भरलेली गाडी थांबे. पोटात खाचा पडल्या की मला पुन्हा लेथवर चढवीत. मी गुळगुळीत होई, परंतु दर वेळी थोडा पातळही होई.

आमचा ड्रायव्हर अत्यंत प्रेमळ. घाट उतरल्यावर मी तव्यासारखा तापलेला असे. बिचारा तहानला, असे म्हणून तो माझ्यावर बादलीभर गार पाणी ओती. मित्रांनो, त्या मायेनेच माझ्या अंगात केसासारख्या भेगा पडल्या. प्रत्येक उतारावर भेग पुढे सरके, आणि मला ओरडता येत नसे.

एकदा तो भरल्या गाडीने बायकोला माहेराहून न्यायला आला. तिचा धाकटा भाऊ मिस्त्री, त्याचे गॅरेज घरालाच लागून. ती केबिनमध्ये बसली, तोच, पुढे घाट आहे, ब्रेक पाहून घेतो, असे म्हणून भावाने चाक खोलले. बहिणीला निरोप देताना लोक डोळे पुसतात, आमचा मेहुणा पाना काढतो, असे ड्रायव्हर हसून म्हणाला. लेथला लाव, अजून चालेल, असेही म्हणाला. लेथला लावायला आता उरले काय, असे मिस्त्रीने विचारले, व मला दोरीला टांगून हातोडी उचलली.

धड ड्रम घंटेसारखा वाजतो. तसा वाजलो तर पुन्हा चाकात, आणि पुढे घाट. नाही वाजलो तर भंगार. दोन्हींचे भय वाटत असताना मी जन्मात प्रथमच, आपला आवाज वाईट निघावा, अशी प्रार्थना केली.

आवाज आला, भद्द.

"एवढी खेप होऊ दे," ड्रायव्हर म्हणाला. "खाली पोचलो की बदलू."

"दाजी, खाली तर तुम्ही पोचालच," मिस्त्री म्हणाला. "कसे पोचाल, ते ताईसमोर बोलू का?"

ताई पिशवी घेऊन खाली उतरली. "अहो, मी घरात बसते. नवीन बसला की हाक मारा."

ड्रायव्हरने माझ्या भेगेवरून बोट फिरवले. मग दोन्ही बाजूंचे ड्रम जोडीने बदल, असे त्याने सांगितले. बादली मेहुण्याने ठेवून घेतली.

आता मी गॅरेजच्या दारावर टांगलेला आहे. कोणी 'एवढी खेप होऊ दे' म्हटले, की मिस्त्री आधी नवा ड्रम वाजवितो, नंतर मला. काही जण ऐकून किल्ली काढून देतात. काही हसून निघून जातात. त्यांची गाडी याच रस्त्याने परत दिसेपर्यंत मी भीतीने टांगलेला असतो. एक गाडी अद्याप दिसलेली नाही.

म्हणून हात जोडून सांगणे की, तापलेल्या ड्रमावर पाणी ओतू नका, आणि भद्द आवाजाला उद्यावर ढकलू नका. आपण ऐकून घेतलेत, आभारी आहे.

आपला नम्र,
डाव्या चाकाचा भद्द्या