पाहुण्यांच्या फोटोला हार

वित्तोरिओ कास्तान्या या म्हाताऱ्या इटालियन सिनेनिर्मात्याने जन्मात कुणाला मुलाखत दिली नव्हती, आणि तिच्याशिवाय सुनेत्राचा पीएचडीचा प्रबंध पुरा होत नव्हता. पठ्ठ्याने एकाच सेटवर आधी रोमन सैनिक लढवले, मग त्याच खांबांना फळ्या ठोकून काउबॉय, आणि शेवटी चंदेरी रंग मारून मंगळावरची माणसं. दिग्दर्शकांना बक्षिसं मिळाली, याला कोर्टाच्या नोटिसा. म्हातारपणी तो कॅलिफोर्नियात सान होजेला मुलीकडे राहत होता. सुनेत्रा फारच मागे लागली तेव्हा एवढंच म्हणाला, आधी तुझी माणसं दाखव, मग बघू.

म्हणून २००४च्या गणपतीत तिने त्याला क्युपर्टिनोच्या मराठी मंडळींकडे प्रमुख पाहुणा म्हणून नेलं. आता नशीब बघा. मंडळींतल्या शैलाकाकूंनी स्वागतासाठी त्याचा मोठा फोटो छापून समईशेजारी ठेवला होता. तेवढ्यात गणपतीचा एक हार उरला. काकूंना काही वाया गेलेलं खपत नाही. त्यांनी तो फोटोला घातला.

पुण्याहून मुलाकडे आलेल्या मनोहरकाकांना आयत्या वेळी दोन शब्द बोलायला सांगितलं. काका वाचनालयाचे निवृत्त चिटणीस. पेठेतली एकही शोकसभा त्यांच्याशिवाय झाली नसेल. फोटोला हार, शेजारी समई. त्यांना आणखी काय हवं? पाहुणे किती थोर होते ते त्यांनी सांगितलं, त्यांच्या जाण्याने झालेली पोकळी भरून न येणारी आहे म्हणाले आणि सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं केलं. कुणाला थांबवायचं सुचलं नाही. पाहुणेही मान खाली घालून उभे राहिले. वर काकांनी, घरचंच कुणी असेल समजून, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. सुनेत्राला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

परतताना गाडीत म्हाताऱ्याने भाषणाचा अर्थ विचारला. काहीतरी थाप ठोकून द्यावी असं तिला वाटलं, पण जीभ रेटेना. हार, शोकसभा, पोकळी, तिने सगळं सांगून टाकलं. गेला प्रबंध, असं तिने मनात धरलं.

"माझ्यासाठी आजवर कुणी उभं राहिलं नव्हतं," तो म्हणाला. "मंगळवारी ये. त्या गृहस्थांनाही आण."

मुलाखत झाली, प्रबंध झाला. काका मात्र दर मंगळवारी जातच राहिले. दोघं एकमेकांच्या मोडक्या इंग्रजीला नावं ठेवत कॉफी प्यायचे. परत पुण्याला गेल्यावर काका मंगळवारी फोन करायचे.

दोन वर्षांनी काका पुन्हा मुलाकडे आलेले असताना म्हातारा गेला. चर्चमध्ये दिग्दर्शक एकामागून एक आपापल्या सिनेमांबद्दल बोलले. मग त्याच्या मुलीने काकांना पुढे बोलावलं. तशी त्याची इच्छाच होती. भाषांतराला सुनेत्रा शेजारी उभी राहिली. काकांनी माईक धरला, घसा खाकरला. पोकळीचं वाक्य काही केल्या तोंडातून येईना. चष्मा धुरकटला. ते नुसतेच उभे राहिले.

सुनेत्राला भाषांतर करायला काहीच नव्हतं. थोड्या वेळाने मागच्या बाकावरचा एक माणूस उभा राहिला. मग त्याच्या शेजारची बाई, आणि मग हळूहळू सगळेच.