बॉलरच्या टोकाचा एकटा स्टंप

मित्रांनो, रडगाणं गायला मी आलेलो नाही. मी जुना असलो तरी अस्सल सागवानी स्टंप आहे, आणि जे बोलणार ते तोंडावर बोलणार. सिंदेवाहीजवळच्या एका मैदानात, बॉलरच्या टोकाला, मी एकटाच उभा असायचो. फलंदाजाकडचे तिघे प्लॅस्टिकचे, हिरवे-पिवळे. जरा वारा सुटला की माना टाकायचे.

मला इनायतभाऊ सुतारानं घडवलं. दाराच्या चौकटीतून उरलेला तुकडा त्यानं रंध्यानं गुळगुळीत केला, खाली टोक काढलं, वर तेल पाजलं. तेव्हा आमची टीम नुसती हौसेची होती. पोरं धानाचं काम आटोपून यायची, अनवाणी पळायची आणि जिंकायची. कप्तान इनायतभाऊच. लोक म्हणायचे, "इनायतभाऊचा स्टंप मोडत नाई." मी फुगायचो. का फुगू नये?

मग राईस मिलवाले गुणवंतराव टीमचे मालक झाले. लीग आली, खेळाडूंवर बोली लागली, टीमचं नाव पडलं 'झाडीचे वाघ'. वाघ म्हणे! जंगलातल्या खऱ्या वाघांनी हे ऐकलं असतं तर लाजेनं गवत खाल्लं असतं.

सगळ्यात मोठी बोली लागली हेमराजवर. काय तो थाट! काळा चष्मा, दोन-दोन बॅटी, पाठीवर स्वतःचं नाव. पहिल्याच सामन्यात पहिल्या चेंडूवर त्रिफळा उडाला, तर म्हणतो, "पिच बरोबर नाई." नाचता येईना, अंगण वाकडं! पुढच्या सामन्यात हातातला झेल सोडला. ऊन डोळ्यांत गेलं म्हणे. मग चष्मा काय फोटोसाठी घातला होता?

पण खरी अक्कल पाजळली मालकांनी. लीग ठेवली दिवाळीनंतर, ऐन मंडईच्या दिवसांत. तेव्हा आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते, लेकी-जावई येतात, घरोघरी पाहुणे असतात. गर्दी आयती मिळेल, असा मालकांचा हिशोब. गर्दी मिळाली हो! पण आमचे वाघही कुणाचे तरी जावई होते. जावयानं मंडईचं आवतण टाळलं तर सासरचे वर्षभर तोंड फिरवतात. आणि गेला, तर ताटात रस्सा-वडे पडतच राहतात आणि मग पहाटेपर्यंत मंडईतलं नाटक. सकाळी अर्धी टीम जांभया देत मैदानात. एकदा गोपाल सीमारेषेवर उभ्या-उभ्या झोपला आणि चेंडू त्याच्या पायाजवळून निघून गेला. असे वाघ! आम्ही हरत गेलो आणि तळाला जाऊन बसलो.

शेवटचा सामना बल्लारपूरच्या टीमशी होता. आदल्या दिवशी गुणवंतराव मैदानात आले. "इनायतभाऊ, हा बी जिंकला नाई तं टीम बंद. पुढच्या साली मी पटाच्या शर्यतीचे बैल घेतो. बैलं तरी पळतेत."

इनायतभाऊचा चेहरा उतरला. त्या टीमपलीकडे त्या माणसाला दुसरी हौसच नव्हती. त्यानं सगळ्यांपुढे हात जोडले. "एक रात मंडईत जाऊ नोका रे. मले एवढी टीम वाचवू द्या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हेमराजनं तर छातीवर हात ठेवला. "भाऊ, कसम!"

आणि खरंच, मित्रांनो, त्या दिवशी पोरं खेळली. शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. बरोबरी झाली असती तरी आम्ही तळालाच राहिलो असतो. समोर इनायतभाऊ, माझ्याजवळ हेमराज. इनायतभाऊनं चेंडू लांब टोलवला आणि माझ्याकडे धावत आला. एक धाव झाली. तो गर्रकन वळला. "पळ हेमराज, पळ!"

हेमराज पलीकडच्या टोकाला पोट धरून उभा. "नाई जमत, भाऊ!"

इनायतभाऊ तोवर अर्ध्यात पोचला होता. तो वळला आणि पुन्हा माझ्याकडे धावला. घामानं निथळलेला, बॅट पुढे केलेली. मला वाटलं, मातीत गडप व्हावं, चेंडूला सापडूच नये. पण स्टंपाला कोण विचारतं! चेंडू खाडकन माझ्यावर आदळला आणि मी आडवा झालो. त्याची बॅट वीतभर मागे राहिली होती.

तो धुळीत बसून राहिला. मग हेमराजला म्हणाला, "गेलता ना तू मंडईत?"

"सासऱ्यानं सोडलंच नाई, भाऊ. नाई कसं म्हणू?"

"जेवण तं चांगलं होतं?"

"एक नंबर!"

एक नंबर म्हणाला तो, मित्रांनो! मी आडवा पडलो होतो म्हणून वाचला, नाहीतर त्याच्या पायात आडवा आलो असतो.

सामना बरोबरीत सुटला, आम्ही तळालाच राहिलो, आणि गुणवंतरावांनी जागच्या जागी टीम मोडली. प्लॅस्टिकचे तिघे गाडीत बसून गेले. मला इनायतभाऊनं उचललं, शर्टानं पुसलं आणि घरी नेलं.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी सांगणार नाही. सागवान आहे मी, मला काही होत नाही. काळजी घ्यायची तर त्या माणसाची घ्या, जो तुमच्यासाठी अर्ध्यापर्यंत पळत येतो. इनायतभाऊ अजूनही दर रविवारी मला मैदानात रोवतो आणि शेजारी उकिडवा बसून गावाच्या रस्त्याकडे बघतो. मंडई कधीच आटोपली. नाटकवालेही आपापल्या घरी गेले. आज कुणाच्या सासऱ्यानं कुणाला अडवलेलं नाही, आणि तरीही मैदानात आम्ही दोघंच आहोत.