दुपट्याचे एकशेवीस ग्रॅम

माझं काम मोजायचं. वैद्यकीय संस्थेच्या ग्रंथालयात बसून चोवीस वर्षं मी डॉक्टरांचे शोधनिबंध मोजतोय, आणि जगात कुणी कुणी त्या निबंधांचा आधार घेतला तेही. असा एक आधार म्हणजे एक उल्लेख. बढतीच्या अर्जावर उल्लेखांचा आकडा मी भरतो, खाली सही-शिक्का माझा. त्यामुळे एरवी माझ्याकडे ढुंकूनही न बघणारे डॉक्टर अर्जांचे दिवस आले की ‘काय म्हणतात गुडघे?’ असं विचारत येतात. माझे गुडघे ठणठणीत आहेत. घशाच्या विभागातल्या एका डॉक्टरांचे निबंध दोनशे चार, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेला प्रत्येक जण पहिल्याच परिच्छेदात सरांचा उल्लेख करतो, मग विषय घसा असो की कान. नियमात बसतं, म्हणून मी मुकाट्याने मोजतो.

वहिनींची गोष्ट वेगळी. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, आमच्याच संस्थेत बालरोग विभागात डॉक्टर. तीस वर्षांत निबंध एकोणीस. “एवढेच?” असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाल्या, “भावोजी, सांगण्यासारखं तेवढंच होतं.” उल्लेख मात्र अकराशे सात, आणि त्यातले सहाशे बारा एकट्या एका निबंधाचे. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला जंतुसंसर्ग झाला तर एक औषध दर किलो वजनामागे किती द्यावं, हे त्यात सांगितलंय. तो छापून आला त्या दिवसापासून मी त्याचे उल्लेख एका वेगळ्या वहीत टिपत आलो. घरच्या म्हणून एक आकडा कधी वाढवला नाही, पण वही वेगळी ठेवली हे कबूल करतो. मला त्यांचा फार अभिमान होता, आणि आजही आहे.

तो निबंध छापून आल्याला चौदा वर्षं झाली, त्या वर्षी संस्थेत अशा बाळांसाठी वीस पाळण्यांचा स्वतंत्र विभाग निघायचा होता. नऊ वर्षं वहिनींनी त्यासाठी वरिष्ठांचे उंबरे झिजवले होते. पाळणे कुठे, हात धुवायचं बेसिन कुठे, आयांना बसायला खुर्च्या कुठे, सगळं त्यांनी कागदावर मांडून ठेवलेलं. प्रमुखपदाला किमान पाचशे उल्लेखांची अट होती, पण ती वहिनींना कुठली आडवी येणार! निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली, म्हणजे हीच काय ती संधी. दादा तर गुडघ्याला बाशिंग बांधून बसला होता. दारावर लावायची लाकडी पाटीसुद्धा त्याने रंगवून आणली.

अर्जाची मुदत पंधरा दिवसांवर आली आणि दूरच्या एका दवाखान्यातून वहिनींना पत्र आलं. एका तरुण डॉक्टरने लिहिलं होतं, ‘तुमच्या निबंधाप्रमाणेच डोस देतो, मोजमाप चोख ठेवतो, तरी काही बाळांची लघवी कमी होते, मूत्रपिंडांना त्रास होतोय असं दिसतं. माझं काय चुकतंय?’

दुसरं कुणी असतं तर ‘तुमचा वजनकाटा तपासा’ असं लिहून मोकळं झालं असतं. वहिनी ते पत्र घेऊन थेट माझ्या टेबलाशी आल्या.

“भावोजी, जुन्या वॉर्डांच्या वजनाच्या वह्या तळघरात आहेत ना?”

“आहेत. पण चूक त्याचीच असणार. सहाशे जणांनी डोळे मिटून का आधार घेतला?”

“त्याची असेल तर मी त्याला कळवीन. आधी माझी बघू.”

निबंधासाठी वापरलेल्या वह्या दोन होत्या, दोन वॉर्डांच्या. बाळ गार पडू नये म्हणून त्याला दुपट्यात गुंडाळूनच काट्यावर ठेवायचे आणि मग दुपट्याचे एकशेवीस ग्रॅम वजा करायचे. सगळी दुपटी एकाच मापाची शिवलेली. पहिल्या वॉर्डातल्या सिस्टर दुपट्यासकट वजन लिहायच्या आणि वजाबाकी वहिनी करायच्या. दुसऱ्या वॉर्डाची वही उघडली, तर पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, तिथल्या थोरल्या सिस्टरच्या अक्षरात लिहिलेलं: ‘दुपटं वजा केलं आहे.’ आकडे सुरू होत होते दुसऱ्या पानावर. वहिनींनी तेव्हा दुसऱ्या पानापासून वही उतरवून घेतली होती, आणि दुपटं पुन्हा एकदा वजा केलं होतं.

तळघरात खुर्ची नव्हती. वहिनी वह्यांच्या गठ्ठ्यावरच बसल्या.

“एकशेवीस ग्रॅम ते काय,” मी म्हणालो. “एवढंसं तर आहे.”

“बाराशे ग्रॅमच्या बाळात एकशेवीस म्हणजे दहावा हिस्सा झाला. कागदावर बाळं हलकी झाली, म्हणून दर किलोचा डोस कागदावर जास्त आला. एवढा डोस बाळांना सोसतो असं मी जगाला सांगून बसले, भावोजी. तेवढा आम्ही कधी दिलाच नव्हता.”

थोरल्या सिस्टर आता निवृत्त झालेल्या. त्यांच्या कानावर गेलं तशा त्या काठी टेकत आल्या आणि दारातच रडायला लागल्या. “माझ्यामुळे झालं का हो बाई?” वहिनींनी त्यांचा हात धरून त्यांना बसवलं. “तुम्ही लिहून ठेवलं होतंत, सिस्टर. मी वाचलं नाही.” निबंध मागे घेते असं मासिकाला कळवताना त्यांनी नेमकं हेच लिहिलं. पत्रात सिस्टरचं नावनिशाण नव्हतं.

मासिकाने उत्तर पाठवलं की सूचना छापायला चार महिने लागतील. वाचून माझा जीव भांड्यात पडला.

“म्हणजे तोवर तो निबंध नियमाने जिवंत,” मी म्हणालो. “आज आकडा अकराशे सातच. यात खोटं काही नाही. तुम्ही गप्प बसा, मी अर्ज भरतो.”

“सहाशे बारा वजा करा.”

“वहिनी, चारशे पंच्याण्णव उरतात! पाचशे हवेत!”

“वजाबाकी मलाही येते,” त्या म्हणाल्या. “आता येते.”

मग त्यांनी हात पुढे केला. “आणि ती तुमची वेगळी वही द्या. ज्यांनी ज्यांनी माझा आधार घेतला, त्या सगळ्यांना मला पत्र लिहायचंय.”

मला राग आला. स्पष्टच सांगतो, फार राग आला. चौदा वर्षं मी ज्या वहीत त्यांची कीर्ती टिपली, त्याच वहीतून त्या स्वतःची चूक घरोघर पोचवायला निघाल्या होत्या. “लिहा, पण निवड झाल्यावर लिहा,” मी म्हणालो. “महिन्याभराचा तर प्रश्न आहे. आत्ता पत्रं गेली तर आठ दिवसांत इथे सगळ्यांना कळेल.”

“महिन्याभरात किती बाळांना डोस जाईल, भावोजी?”

मी आयुष्यभर मोजणारा माणूस. पण हे मी कधी मोजलं नव्हतं. मी वही काढून दिली.

पत्ते शोधायचं काम अर्थात माझ्याकडेच आलं. सकाळी मी पत्ते काढायचो, दुपारी वहिनी वॉर्डातून आल्या की प्रत्येकाला वेगळं पत्र लिहायच्या. एकच मजकूर सगळ्यांना पाठवा म्हटलं तर ऐकेनात. कुणी डोस पाव हिस्सा वाढवून वापरलेला, कुणी जुळ्या बाळांवर, म्हणून ज्याने त्याने काय बदलायचं ते ज्याला त्याला सांगायचं. त्यासाठी त्यांनी सहाशे बाराच्या सहाशे बारा निबंध वाचले. घशाच्या डॉक्टरांनी स्वतःचे दोनशे चार तरी वाचले असतील का, मला शंका आहे.

मधल्या वेळात मी स्वस्थ बसलो नाही. जुन्या, बांधीव मासिकांचे खंड काढून पान न् पान चाळलं. इतर अठरा निबंधांचे माझ्या नजरेतून सुटलेले तीन खरेखुरे उल्लेख सापडले. चारशे अठ्ठ्याण्णव.

“दोन कमी,” मी वहिनींना सांगितलं. “ते मी लिहितो. दोन निबंध, घशावर.”

आठ दिवसांत पहिल्यांदा त्या हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग मी चारशे अठ्ठ्याण्णव भरून सही केली. शिक्काही मारला.

अर्ज छाननीतच बाद झाला, मुलाखतीला बोलावणंसुद्धा आलं नाही. विभाग वहिनींच्याच हाताखाली शिकलेल्या एका डॉक्टरकडे गेला. वहिनींनी आपला पाळण्यांचा नकाशा नेऊन त्याच्या टेबलावर ठेवला आणि वर बजावलं, “बेसिन दाराशीच हवं, विसरू नकोस.” दादाने रंगवून आणलेली पाटी दोन दिवस कपाटामागे पडून होती. तिसऱ्या दिवशी त्याने ती पाटी उलटी केली आणि तिच्यावर भाजी चिरायला घेतली. “जाड आहे,” म्हणाला. “चांगली आहे.”

मग उत्तरं यायला लागली. काहींनी आभार मानले, एकाने शिव्याच घातल्या, बऱ्याच जणांनी उत्तर देण्याची तसदी घेतली नाही. उत्तर आलं की मी वहीत त्या उल्लेखावर रेघ मारायचो. तशा रेघा मारताना मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एका दुपारी कुठल्याशा छोट्या दवाखान्यातून दोन ओळी आल्या. लिहिणारी डॉक्टर नव्हती, सिस्टर होती. ‘पत्र वाचलं. आज सकाळपासून डोस खाली आणला. सध्या आमच्याकडे सोळा बाळं आहेत.’

वहिनींनी त्या ओळी दोनदा वाचल्या. चष्मा काढून पुसला. मी सवयीने रेघ मारायला वही ओढली.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “शेजारी सोळा टिपा.”

“कुठल्या रकान्यात?”

“नवा आखा.”

मी पट्टी घेऊन नवा रकाना आखला आणि त्यात सोळा लिहिले. पुढे ज्यांची ज्यांची उत्तरं आली, त्यांना वहिनी उलट विचारायच्या, ‘तुमच्याकडे बाळं किती?’ आणि मी आकडा टिपायचो. वहिनी तीन वर्षांनी निवृत्त झाल्या, तरी अजून अधूनमधून एखादं उत्तर येतं. आजची बेरीज दोन हजार एकोणचाळीस आहे. मी ती दोनदा तपासली आहे, आणि खाली सही-शिक्का माझा आहे.