विरोधाची खुर्ची

मित्रांनो, ज्या खोलीत मी उभी आहे तिथे आता कुणी आवाज चढवत नाही. मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, आणि माझा जन्मच मुळी भांडणासाठी झाला होता.

ही जागा म्हणजे एक धोरण अभ्यास संस्था. सरकार योजना आखते, कायदे करते. त्या योजना माणसांच्या दारापर्यंत नीट पोहोचतात का, हे तपासून निर्भीडपणे सांगायचे, एवढेच इथले काम. संस्था कुठल्या पक्षाची नाही, कुठल्या धनिकाची नाही. "दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायचं नाही," असे ती उभारणाऱ्या बाई म्हणत. बाई पूर्वी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवीत. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या त्यांनी घेतल्या, लांब टेबल मांडले आणि सुताराला बोलावून माझे माप दिले.

"गादी कसली लावू?" सुताराने विचारले.

"गादी नकोच. यात बसणाऱ्याला डुलकी लागता कामा नये."

"मग बसणार तरी कोण, बाई?"

"ज्याला भांडायचंय तो."

कोणताही अहवाल छापायला जाण्यापूर्वी एकाने माझ्यात बसायचे आणि त्याच्याविरुद्ध जे जे बोलता येईल ते सारे बोलायचे, अशी इथली रीत. बसणाऱ्याला तो अहवाल मनातून पटलेला असला तरीही. माझ्यात बसून कुणी काही बोलले, तर ते इतरांनी मनाला लावून घ्यायचे नाही.

बहुतेक वेळा माझ्यात बसत ते एक वकील. कोर्ट सोडून ते इथे रमले होते. सदा नन्नाचा पाढा, म्हणून सगळे त्यांना नन्नाकाका म्हणत. ते बसले की माझे सांधे करकरत आणि समोरच्यांचे चेहरे उतरत.

"हे वाक्य कुणी लिहिलंय?" चष्म्यावरून पाहत ते विचारत.

"मी," संस्थेतला अभियंता म्हणे.

"छान आहे. खोटं आहे, पण छान आहे."

हशा पिके. अभियंता तोंड वाकडे करून वाक्य खोडी. त्या खोडाखोडीतून जे उरे, त्यावर डोळे मिटून विसंबता येई. ते माझ्या भरभराटीचे दिवस. मंत्रीसुद्धा इथला अहवाल हातात घेताना जरा सावरून बसत.

"काका, दुसऱ्यांचं फाडता, कधी स्वतः लिहा की!" असे सारे त्यांना चिडवीत. उतारवयात त्यांनी खरेच लिहिले. दूरच्या वस्त्यांमधल्या छोट्या सरकारी दवाखान्यांत डॉक्टर टिकत नाहीत, दवाखाने रिकामे पडले आहेत. ते बंद करून मोठी रुग्णालये उभारावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. शेवटचे पान झाले आणि काकांनी अंथरूण धरले. डॉक्टरांनी आशा सोडली.

बैठकीचा दिवस आला. सगळे टेबलाभोवती बसले. मी मोकळीच राहिले.

"बस रे," बाई अभियंत्याला म्हणाल्या.

"मी नाही, बाई. तुम्ही बसा."

बाई माझ्यापर्यंत आल्या. माझ्या हातावर त्यांनी हात ठेवला. "ते तिकडे शेवटच्या घटका मोजतायत," त्या म्हणाल्या, "आणि मी इथे त्यांच्या एकुलत्या एका लिखाणाची चिरफाड करू? नाही व्हायचं माझ्याच्यानं. जाऊ दे तसाच."

खाली दुकानात कुणीतरी सायकलची घंटा वाजवून पाहत होते. एरवी ती वर कधी ऐकूच येत नसे.

अहवाल गेला. संस्थेच्या नावावर सरकारचा विश्वास होता. दवाखान्यांना भराभर कुलपे लागली.

आणि काका वाचले. काठी टेकत जिना चढून आले, सवयीने माझ्यात बसले, छापील अहवाल मांडीवर घेतला.

"हं! माझ्या वेळी यात कोण बसलं होतं?"

अभियंत्याने बाईंकडे पाहिले.

"बाई?"

"कुणी नाही," बाई म्हणाल्या. "तुमची तब्येत अशी… मन झालं नाही कुणाचं."

काकांनी अहवाल मिटला. "म्हणजे जिवंत असताना मला मेल्यात जमा केलंत."

मग ते स्वतःच्याच अहवालाविरुद्ध बोलू लागले. दम लागत होता, शब्द तुटत होते. "मला घरी कुणी जगवलं? डॉक्टर कधीमधी डोकावायचा. औषध पाजलं, कूस बदलली, ताप उतरेपर्यंत उशाशी बसली ती नर्स. त्या दवाखान्यांतही नर्स होत्या, बाई. मी डॉक्टर मोजले, नर्स मोजल्याच नाहीत. आणि लिहून बसलो, रिकामे! तुम्ही बसला असता तर तिथल्या तिथे धरलं असतंत मला."

बाईंनी मान खाली घातली. "दिसलं होतं मला," त्या हळूच म्हणाल्या. "वाटलं, नंतर बोलू."

माझ्यात बसून काका प्रथमच गप्प राहिले.

'आमचे चुकले' असे बाईंनी संस्थेच्या नावाने जाहीर केले. वर्तमानपत्रांनी टर उडवली, ती त्यांनी सोसली. पण कुलपे लागली तितक्या वेगाने निघाली नाहीत. नर्सच्या बदल्या झाल्या होत्या. काही दवाखान्यांत गोदामे थाटली होती. मधल्या काळात त्या वस्त्यांत कुणावर काय गुदरले, हे काका लिहू लागले. ते लिहून व्हायच्या आतच ते गेले.

त्यांच्यामागे माझे फार कौतुक झाले. मला पॉलिश केले, पाठीवर त्यांच्या नावाची पितळी पट्टी ठोकली आणि कुणी चुकूनही बसू नये म्हणून माझ्या दोन्ही हातांना जोडून लाल दोरी बांधली. बाईंच्या गुडघ्यांना आता जिना झेपत नाही. पाहुणे येतात, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. माझ्यावर धूळ बसू देत नाहीत. उपेक्षा धुळीनेच होते असे नाही, मित्रांनो; ती मऊ फडक्यानेही होते.

मला जपायचे असेल तर ही दोरी सोडा. वापराने माझे लाकूड झिजेल, झिजू द्या. आणि ज्याच्यावर तुमची माया आहे, त्याची चूक दिसली तर मायेपोटी गप्प राहू नका. तुमचे ते मौन त्याला अखेरच्या निरोपासारखे ऐकू येते.

आज पलीकडच्या खोलीत एक नवा अहवाल वाचला गेला. मी कान देऊन ऐकत होते. वाचन संपले, आणि लगेच टाळ्या वाजल्या.