पहिलं पाणी

एप्रिल उजाडला की कोरियातल्या जेजू बेटावरच्या बायका कमरेला ओचा बांधून टेकड्यांवर जातात आणि नेच्याचे कोवळे, मुठी मिटलेले कोंब तोडून आणतात. त्यालाच गोसारी म्हणायचं. पितरांच्या ताटात ती लागतेच. पण ती भरघोस कुठे उगवते, हे पोटच्या पोरीला सांगायचं नाही, सुनेला तर नाहीच नाही. मालसुनने तीस वर्षं हे मुकाट ऐकून घेतलं. सासूबाई ओचा भरून आणणार, आणि मोठी सून म्हणून उकळायची, निथळायची, वाळवायची हिने.

आणि यंदा म्हातारी धाकट्या सुनेला बरोबर घेऊन गेली! सोलहून आलेल्या, लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेल्या दासोमला! दोघी भरले ओचे घेऊन हसत हसत फाटकातून आत आल्या तेव्हा मालसुन संत्र्यांच्या पेट्या रचत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"छान मिळाली की," ती म्हणाली. "लांब होतं का गं?"

"नाही हो ताई, जवळच," दासोम म्हणाली आणि लाल झाली.

जवळच म्हणे! तीस वर्षं जवळच होतं आणि मालसुनला नव्हतं दाखवलं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. मी काय घरात भांडी घासायला आले होते? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "गवतावरून कसली भांडतेस?" आणि कूस बदलून घोरायला लागला.

दुसऱ्याच दिवशी दासोम विचारायला आली. "ताई, यंदाच्या पूजेची गोसारी आई मला करायला सांगतायत. कशी करायची?"

मालसुनला सगळं ठाऊक होतं. शेजारच्या कांगच्या गाईने कुंपणापलीकडचा हिरवा नेचा वर्षानुवर्षं खाल्ला आणि ती रक्त मुतायला लागली. मूत्राशयात कर्करोगाच्या गाठी निघाल्या. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरने अंगणात उभं राहून सगळ्यांना सांगितलं होतं, की कच्च्या नेच्यातच ते विष असतं, कुणी फवारलेलं नसतं. चांगलं उकळा, पहिलं पाणी फेका, रात्रभर भिजवा, पाणी बदलत राहा, म्हणजे बहुतेक निघून जातं. आपल्या आज्या कुठल्या डॉक्टरला न विचारता तेच करत आल्या होत्या.

"अगं, गरम पाणी नुसतं दाखवायचं," मालसुन म्हणाली. "फार उकळलंस तर सगळा कस पाण्यात जातो."

एका ताटाने कुणी मरत नाही, असं तिने स्वतःला बजावलं. कडूजार होईल, पाहुणे तोंड वाकडं करतील, म्हातारीला कळेल कोणाला डोक्यावर बसवलं ते. तेवढंच तर हवं होतं.

पंधरा दिवसांनी वारलेल्या सासऱ्यांच्या पूजेचा दिवस आला. दुपारी दासोम स्वयंपाकघरात तिळाच्या तेलात गोसारी परतत होती. मालसुन शेजारी मासा तळत होती आणि मनात उकळ्या फुटत होत्या. दासोमने परतून परातीत काढलेले चार देठ उचलून तोंडात टाकले.

"कडू नाही लागत?" मालसुनने विचारलं.

"लागते की. पण सवय झाली. रोज दोन्ही वेळा खाते मी." तिने आवाज खाली आणला. "कस राहतो म्हणालात ना? ताई, मला तिसरा महिना लागलाय. अजून कुणाला सांगितलं नाही, तुम्हालाच पहिल्यांदा."

मालसुनने हाताचा फटका मारून परात उडवली. गोसारी फरशीभर झाली. "थुंक! थुंक आधी!"

आवाज ऐकून सासूबाई दारात आल्या. फरशी पाहिली, मालसुनचं तोंड पाहिलं. "पोटात दुखत होतंच तुझ्या, दिसत होतं मला. पण पितरांचं अन्न उधळशील असं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि पाठ फिरवून गेल्या.

मालसुनने आता म्हणायचं तरी काय? यात विष आहे, आणि ते मला माहीत होतं?

दासोम गुडघ्यांवर बसून देठ गोळा करायला लागली. तिचे डोळे भरले होते. "ताई, त्या जागेमुळे रागावलात ना? मला माहीतच नाही हो ती जागा. आईंनी मला एका थडग्याच्या दगडी गडग्यावर बसवलं, 'हलू नकोस' म्हणाल्या, तासाभराने ओचा भरून आल्या. अर्धी माझ्या ओच्यात घातली. म्हणाल्या, 'घरी सांग दोघींनी तोडली.' त्यानंतरची सगळी मी बाजारातून हिरवीच आणली."

मालसुनही तिच्याशेजारी बसून देठ गोळा करायला लागली.

"मला खरं काही शिकवलंत या घरात, ते तुम्ही एकट्यांनी," दासोम म्हणाली. "म्हणून तुम्हालाच आधी सांगितलं."

मासा करपायला लागला होता. मालसुन उठली, शेगडी बंद केली आणि ओट्याखालून झाकलेलं पातेलं ओढून बाहेर काढलं. आत मऊ, तपकिरी गोसारी भिजत होती.

"ही मी कालच उकळून ठेवली," ती म्हणाली. "तुझी फजिती झाली की काढणार होते. पहिलं पाणी फेकायचं असतं दासोम. रात्रभर भिजवायची असते. कच्चीत विष असतं, कर्करोग करणारं. मी तुला खोटं सांगितलं. जळत होते मी तुझ्यावर."

दासोमचा हात पोटावर गेला. "पंधरा दिवस खातेय मी."

"हो. उद्या दवाखान्यात मी येते. काय केलं ते डॉक्टरला मीच सांगेन."

मालसुनने दासोमच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने काढून टाकला.

"झाली का गं गोसारी?" आतून सासूबाईंनी विचारलं.

दासोमने पातेल्यातलं पाणी मोरीत ओतलं. मग नळ सोडून पुन्हा पातेलं भरलं, आणि तेही ओतलं.

"झाली, आई," ती म्हणाली. "ताईंनी केलीय."