पाटीखाली कोणी नाही

मी एक जुनी पाटी आहे. लाकडाची, खाली दांडा असलेली, एका कोपऱ्यात टवका उडालेली. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुधा डोळे पुसत बोलतात. मी त्यातली नाही. माझ्यावर अन्याय झाला हे खरं, पण मी रडले नाही, भांडले. पाटी कशी भांडते, असं तुम्हाला विचारावंसं वाटेल. अवश्य विचारा. माझ्या अंगावर तोच तर एक शब्द लिहिलेला आहे: ‘विचारा’.

मूळची मी एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या कपाटाची फळी. कपाट मोडीत निघालं, तेव्हा कार्यशाळेतल्या सुतारमामांनी मला वेगळं काढलं, रंधा मारला आणि दांडा ठोकून उभं केलं. हे सगळं त्यांच्याकडून करवून घेतलं दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने. त्याला सगळे ‘रसायन’ म्हणायचे. हे नाव त्याला कसं पडलं ते ऐकण्यासारखं आहे.

हा मुलगा आला होता वाणिज्य शिकायला. पहिल्या दिवशी त्याने कोणाला तरी आपला वर्ग विचारला. त्या गृहस्थाने वर्तमानपत्रातून मान वर न काढता नुसतं बोट दाखवलं. त्या बाजूला दारं होती दोन. पोरगा चुकीच्या दारात शिरला आणि पुन्हा विचारायची लाज वाटली म्हणून तिथेच बसत राहिला. टिपणंसुद्धा काढली बिचाऱ्याने. आठवड्याच्या शेवटी हातात परीक्षानळी आली, तेव्हा कुठे त्याने शेजारच्याला हळूच विचारलं, “वाणिज्यात हेही असतं?”

हसा, खुशाल हसा. तोही हसायचा. पण तो आठवडा कसा गेला हे तो विसरला नाही. दुसऱ्या वर्षात गेल्यावर त्याने आपल्यासारखेच पाचसहा जण गोळा केले आणि त्या टोळीला नाव दिलं ‘सोबती’. वर्ष सुरू झालं की पहिले काही दिवस सोबत्यांनी मोठ्या जिन्याच्या पायथ्याशी मला घेऊन उभं राहायचं आणि नव्या मुलांना काय हवं नको ते बघायचं. त्यांचा नियम एकच होता. बोट दाखवायचं नाही, सोबत चालायचं. मग ते ग्रंथालय शेजारी असो नाहीतर वसतिगृह पार मैदानापलीकडे.

काय काय विचारायची मुलं! वर्ग आणि नळ तर झालेच, पण कॅन्टीनमध्ये आधी पैसे द्यायचे की आधी खायचं, शिकवताना मध्येच हात वर केला तर चालतं का, असंही विचारायची. एका मुलीने तर विचारलं, की एकटं जेवायला बसलं तर लोक बघतात का. तिला कोणी उत्तर दिलं नाही. एक सोबतीण आपलं ताट घेऊन तिच्यासमोर जाऊन बसली. प्राचार्यांनी भर सभेत माझं कौतुक केलं, तेव्हा मी फुगले होते, खोटं कशाला बोलू.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं महाभारत इथूनच घडलं. विचारणारा आला की सोबती त्याच्याबरोबर चालू लागायचा. दुसरा आला की दुसरा सोबती जायचा. त्यामुळे दिवसातला बराच वेळ मी भिंतीला टेकून एकटीच असायचे. पाटीखाली कोणी नाही म्हणजे काम जोरात चाललंय, असा त्याचा अर्थ होता.

हा अर्थ नव्या अधीक्षकांना कोण सांगणार? हे कार्यालयाचे प्रमुख. त्यांची खिडकी जिन्याच्या बरोबर वर. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना शेळ्यांची फक्त पाठ दिसते. साहेब खिडकीतून खाली बघायचे, तर पाटी जागेवर आणि माणूस गायब. त्यांनी ठरवून टाकलं की ही पोरं पाटीच्या नावाखाली उनाडक्या करतात. पुढल्या वर्षी सोबती बंद. त्याऐवजी सभागृहात एक लांबलचक भाषण आणि भिंतींवर पिवळे बाण. ते बाण कानामागून आले नि तिखट झाले.

आणि मी? फाटकाजवळच्या गटाराचं झाकण तुटलं होतं. त्याच्या जागी मला पालथी टाकली. दांडा काढायचीही तसदी घेतली नाही. शब्द खाली घाणीत, पाठीवर चपला. अपमान मला झोंबला, चांगलाच झोंबला. पण मी गप्प पडून राहिले नाही. अधीक्षकांचा पाय पडला रे पडला, की मी हटकून डुगडुगायचे. त्यांचा उजवा बूट मी दोनदा भिजवला आणि त्याबद्दल मला अजूनही काडीचं वाईट वाटत नाही.

त्या वर्षी पहिल्याच आठवड्यात एका भागाची दुरुस्ती निघाली आणि नव्यांचे वर्ग मागच्या इमारतीत हलवले. ही सूचना सभागृहात वाचून दाखवली म्हणे. बाण मात्र होते तिथेच राहिले.

एका सकाळी एक मुलगी पत्र्याची पेटी ओढत फाटकापाशी आली आणि नेमकी माझ्यावर पेटी ठेवून तिच्यावर बसली. बसची वाट बघत होती. तेवढ्यात सगळे जिला ‘शिट्टी’ म्हणायचे ती मुलगी तिथून चालली होती. ही सोबत्यांची त्या वेळची पुढारी. तोंडात दोन बोटं घालून अशी शिट्टी वाजवायची की मैदानापलीकडचा माणूस वळून बघे. तिने पेटी पाहिली आणि थांबून विचारलं, गावी निघालीस का.

“हो. कायमचीच.”

शिट्टी तिच्यासमोर उकिडवी बसली. मग मुलगीच बोलू लागली.

“बाण बघत गेले, तर दाराला कुलूप. तीन दिवस झाले, तेच कुलूप. बाकी सगळ्यांना बरोबर ठाऊक असतं कुठे जायचं ते. मलाच कळत नाही. म्हणजे मीच कमी पडते ना, ताई?”

“ते कुलूप तू लावलंस का?”

“नाही.”

“मग ऊठ जरा. तुझ्या पेटीखालून दांडा दिसतोय ना, ती पाटी आमची आहे.”

दोघींनी मला उपसून काढलं. उघड्या गटारावर शिट्टीने एक मोडका बाक ओढून ठेवला आणि मला नळाखाली धरलं. घाण निघाली, शब्द दिसला. मुलीने तो वाचला. तिची बस दुपारची होती. शिट्टी म्हणाली, तोवर तुझा वर्ग तर बघ, नाही पटलं तर पेटी मीच फाटकापर्यंत आणून देते.

भर सकाळी, सगळ्यांच्या देखत, त्यांनी मला जिन्यापाशी उभं केलं आणि पेटी माझ्याखाली ठेवली. माझ्या अंगाला वास येत होता, पण मान ताठ होती. लगेच वरची खिडकी वाजली आणि अधीक्षक तरातरा खाली आले.

“ही पाटी इथे कोणाच्या परवानगीने लावली?”

“कोणाच्याच नाही, सर.”

“सोबती बंद केलेत, माहीत आहे ना? मी रोज वरून बघत होतो. पाटी उभी, आणि खाली माणूस नाही.”

“खाली माणूस नसायचा, कारण तो कोणाबरोबर तरी चालत असायचा. आमच्यातलं कोणी इथे नुसतं उभं दिसलं असतं, तर तुम्ही रागवायला हवं होतं.”

तुझं नाव प्राचार्यांकडे जाईल, असं अधीक्षकांनी बजावलं.

“जाऊ दे, सर. हिची दुपारची बस आहे. मला आत्ता वेळ नाही.”

आणि मुलीला घेऊन ती चालू लागली. मित्रांनो, मला हात असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

अधीक्षकांनी मला हलवण्यासाठी शिपायाला हाक मारली. तो येईपर्यंत ते माझ्याखालीच थांबले. तेवढ्यात दोन नव्या मुली आल्या. त्यांनी मला वाचलं, साहेबांकडे पाहिलं आणि आपला वर्ग विचारला. साहेबांनी बोट दाखवलं. मुली गेल्या आणि परत आल्या.

“सर, तिथे कुलूप आहे.”

“असं कसं होईल? तिथे बाण आहे.”

“बाण आहे. कुलूपही आहे.”

साहेब चिडले. चला, दाखवा मला, म्हणत त्यांच्याबरोबर निघाले. ते बऱ्याच वेळाने परतले, आणि तेही मागच्या इमारतीकडून. बूट धुळीने माखलेले. माफीबिफी काही मागितली नाही, अधीक्षक ते अधीक्षकच. शिपाई मला उचलायला वाकला, तेव्हा एवढंच म्हणाले, “आजचा दिवस राहू दे.” तो आजचा दिवस अजून संपलेला नाही.

दुपारी बस आली. पेटी माझ्यापाशीच होती आणि मुलीचा पत्ता नव्हता. मी सारखी मागच्या इमारतीकडे बघत होते. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, थोडं थांबला आणि बस निघून गेली.

मुलगी आली ती चार वाजता, वह्या छातीशी धरून, एका मैत्रिणीशी वाद घालत. बसचा विषयसुद्धा तिने काढला नाही. ती पेटी उचलणार, तोच त्या दिवशी नव्याने आलेली एक मुलगी समोर येऊन दबकत म्हणाली, वसतिगृह कुठे आहे.

तिने मैदानाकडे बोट उचललं. मग ते खाली घेतलं.

“पेटीची ती कडी धर,” ती म्हणाली, “मीही तिकडेच चाललेय.”

मित्रांनो, रीत अशी की शेवटी जुन्या वस्तूने हात जोडून म्हणावं, मला जपा. मी म्हणणार नाही. मला रंग नको, हार नको, टवका बुजवायला तर मुळीच येऊ नका. जपायचंच असेल तर जो दारात उभा आहे आणि विचारायला लाजतोय, त्याला जपा. आणि मला इथून हटवायला कोणी येणार असेल, तर खुशाल येऊ दे. त्याला आधी माझ्याखाली उभं राहावं लागेल, आणि तेवढ्यात कोणीतरी त्याला काहीतरी विचारेलच.